काविळीचा पाला आणि रक्ताची तपासणी



पावसाळा सुरू झाला की डोळखांबच्या परिसरात बांधावर, अंगणात, पायवाटेच्या कडेला भुईआवळी उगवते. वीतभर उंचीचे रोप, पानाखाली मोहरीएवढ्या फळांची रांग. त्याच दिवसांत गावोगाव काविळीचेही रुग्ण निघू लागतात. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, की शेजारची म्हातारी माणसे मायेने सांगतात, "डॉक्टरकडे कशाला जाता? काविळीला डॉक्टरचे औषधच नाही. पाला आणा, आठ दिवसांत उतरेल."

या सांगण्यातले अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे मात्र माणसे मरतात. आजच्या लेखात या दोन्ही अर्ध्यांची फोड करायची आहे. कारण आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानातल्या पाल्याचा आणि माणसाच्या यकृताचा संबंध गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या संशोधकांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे, आणि त्यांना जे दिसले ते आपल्या घरापर्यंत पोचले पाहिजे.

कावीळ हा रोग नव्हे

यकृत म्हणजे लिव्हर. बकऱ्याची कलेजी आपण ओळखतो, तोच हा अवयव. मोठ्या माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांखाली असते आणि वजनाला सव्वा ते दीड किलो भरते. आपण जे जे खातो, पितो, गिळतो, ते आतड्यातून रक्तात गेले की सर्वांत आधी यकृतात येते. उपयोगाचे काय, साठवायचे काय, विषारी काय, याची निवड तेथे होते. रक्त गोठवणारी द्रव्येही तेथेच तयार होतात.

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर एक पिवळे द्रव्य तयार होते, त्याला बिलिरुबिन म्हणतात. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडून देते. यकृत आजारी पडले, पित्ताची वाट अडली किंवा तांबड्या पेशी फार वेगाने मोडू लागल्या, की हे पिवळे द्रव्य रक्तात साचते. आधी लघवी गडद होते, मग डोळे पिवळे दिसतात, मग कातडी. हीच कावीळ.

म्हणजे कावीळ हे लक्षण आहे. धूर दिसला की कोठेतरी जळते आहे एवढे कळते; चूल जळते आहे की घर, हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. काविळीमागे पाण्यातून आलेला विषाणू असेल, रक्तातून आलेला असेल, दारू असेल, पित्ताशयातला खडा असेल, एखादे औषध असेल किंवा एखादा पालाही असेल. डोळे सगळ्यांत सारखेच पिवळे होतात. फरक रक्ताच्या तपासणीत कळतो.

अर्धे खरे ते कोणते?

दूषित पाण्यातून होणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंमुळे होते, हिपॅटायटिस 'ए' आणि हिपॅटायटिस 'ई'. शौचाची घाण पिण्याच्या पाण्यात मिसळली की हे विषाणू तोंडावाटे पोटात जातात. आपला शहापूर तालुका तर भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचा तालुका. येथले पाणी नळाने मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीत पहिल्या पावसाचा लोंढा उतरला, की वरची सगळी घाण त्यात येते.

या 'ई' विषाणूच्या शोधात आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत यमुनेचे पाणी दूषित झाले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले गेले. पंचवीस वर्षांनी, १९८० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह असे जपलेले रक्त पुन्हा तपासले, तेव्हा कळले की ती कावीळ 'ए'ची नव्हतीच, तो कोणीतरी निराळा विषाणू होता. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ आली, तिचाही अभ्यास याच संस्थेने केला. १९८३ साली मॉस्कोतील मिखाईल बालायान या शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि तो विषाणू सूक्ष्मदर्शकातून दाखवून दिला. पुढे त्यालाच हिपॅटायटिस 'ई' हे नाव मिळाले. २०१२ साली इचलकरंजीत जी मोठी साथ आली, ती याच जातीची.

आता मुद्द्याची गोष्ट. या दोन्ही काविळी बहुतेक माणसांत आपोआप बऱ्या होतात. चार ते सहा आठवडे विश्रांती, पुरेसे पाणी, पोटभर साधे अन्न, एवढ्यावर यकृत स्वतःला दुरुस्त करते. म्हणूनच डॉक्टरही या काविळीला खास औषध देत नाहीत. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे येथपर्यंत बरोबर आहे.

पण जो आजार आपोआप बरा होणार, त्यात जे काही कराल त्याला गुण आल्यासारखे वाटते. कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो. ती माळ दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरते आहे असे सांगतात. ती ओल्या काड्यांना सैल गाठी मारून केलेली असते. काड्या सुकतात, गाठी सरकतात, माळ लांबते. खुंटीला टांगून ठेवली तरी लांबेल! कोणी चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे पाणी काढतो. आंब्याच्या सालीचे पाणी हाताला चोळलेले असेल, तर धडधाकट माणसाच्या हातूनही तसेच पिवळे पाणी निघते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हे करून दाखवतात. कोणी नाकात देवडांगरीचे थेंब टाकतो, नाक सुजून पिवळे पाणी गळते आणि तीच कावीळ म्हणून दाखवतो. कोणी तर तापल्या सळईने डाग देतो.

मग खरा गुण कशाचा हे ओळखायचे कसे? शास्त्रज्ञांची रीत सोपी आहे. एकाच प्रकारच्या कावीळवाल्या रुग्णांचे दोन गट करा. एका गटाला औषध द्या, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी द्या. दोन्ही गट सारखेच बरे झाले, तर गुण औषधाचा नव्हे, काळाचा. औषधवाला गट जास्त बरा झाला, तर औषधात काही आहे. आणि हे एकदा होऊन भागत नाही; दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसांनी करून पाहिले तरी तसेच घडले पाहिजे.

भुईआवळीची परीक्षा

आपल्या भुईआवळीचीही अशी परीक्षा झाली आहे. रक्तातून पसरणारा हिपॅटायटिस 'बी' ज्यांनी शोधला, त्या बारूक ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानेही भुईआवळीकडे पाठ फिरवली नाही. १९८७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत भुईआवळीच्या जातीच्या वनस्पतीचा अर्क अशा विषाणूवर परिणाम करतो असे दाखवले. पुढच्याच वर्षी, १९८८ साली, मद्रासचे डॉ. थ्यागराजन यांनी माणसांवर परीक्षा घेतली. 'बी' विषाणू अंगात बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळीची पूड दिली. त्यातील २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. पूड न दिलेल्या २३ जणांत हे फक्त एकाचे झाले. जगभर बातमी झाली. अंगणातले तण 'बी'वरचे औषध ठरणार, असे वाटू लागले.

पण दुसऱ्या ठिकाणी तसे घडले नाही. थायलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये करून पाहिले, गुण आला नाही. १९९४ साली मुंबईच्या डॉ. दोशी, डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि सहकाऱ्यांनी आपली परीक्षा प्रसिद्ध केली. भुईआवळीने 'बी' विषाणूची खूण रक्तातून गेली नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्या काळात अशोक वैद्यांसारखी माणसे आयुर्वेदाच्या औषधांवर आस्थेने काम करीत होती. तरीही जे दिसले ते त्यांनी लपवले नाही. २०११ साली जगातील अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही भुईआवळी नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा वरचढ आहे याचा पटण्यासारखा पुरावा सापडला नाही.

याचा अर्थ भुईआवळी विष आहे असा नाही. अर्थ एवढाच, की ज्याच्या रक्तात 'बी' आहे त्याने भुईआवळीवर विसंबून वर्षे घालवू नयेत. तेवढ्या काळात यकृत आतून निबर होत जाते, त्यालाच सिरॉसिस म्हणतात. काहींना यकृताचा कर्करोग होतो.

शहापूरची गुळवेल

दुसरी वनस्पती गुळवेल. आपल्या रानात आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली ही वेल लहान मुलालाही ठाऊक. तापाला, काविळीला, मधुमेहाला तिचा काढा घेण्याची जुनी चाल आहे.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि गुळवेलीला सोन्याचा भाव आला. 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणून घराघरात काढे उकळू लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आयुर्वेदाची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही गुळवेल होती. याच काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून, पूड करून विकण्याचे काम वाढवले. २०२१ साली ट्रायफेड या केंद्र सरकारच्या संस्थेने जाहीर केले, की शहापूरच्या या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांच्या गुळवेलीची मागणी आली आहे. वीटभट्टीवर आणि उचलीच्या पैशात पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या कातकरी समाजाच्या हाती चार पैसे स्वतःच्या हिमतीने आले, याचा आनंदच वाटला पाहिजे.

पण त्याच महिन्यांत मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. नेहमीच्या विषाणूंनी उलगडा होईना. खोदून विचारल्यावर सहाही जणांत एक गोष्ट सारखी निघाली, सगळे गुळवेल घेत होते. चौघांच्या यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती यकृतावर उलटली की जशी इजा दिसते, तशी ती होती. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२२ साली देशातील १३ वैद्यकीय केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांत २३ स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसायला मध्यमानाने ४६ दिवस लागले होते. ज्यांचे यकृत आधीच आजारी होते, त्यांचे हाल जास्त झाले.

हे कसे घडत असावे? राखणदाराला सारखे चिथवत राहिले, तर एखादे वेळी तो घरच्याच माणसावर धावून जातो. काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती मुळातच अशी तिरसट असते, त्यांना ते ठाऊक नसते. तिला आणखी चेतवले की ती यकृताला शत्रू समजू लागते. बहुतेकांत गुळवेल बंद केल्यावर यकृत हळूहळू सुधारते; काहींना वेगळी औषधे द्यावी लागतात.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केंद्रीय आयुष मंत्रालयाने डॉक्टरांचा हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाने सांगितले. गुळवेलीच्या जातीच्या आणखी वेली आहेत आणि नजरेने फसगत होऊ शकते, हे खरेच. पण डॉक्टरांनी रुग्णांकडून मिळवलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांत गुळवेलीत एरवी असतात तीच द्रव्ये आढळली.

हजारो माणसांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरे. मग सामान्य माणसाने घ्यायचे काय? एवढेच, की 'झाडाचे आहे, अपाय काय होणार' हे वाक्य आता सोडून द्यावे. यकृताला झाडाचे आणि कारखान्याचे असा भेद कळत नाही, आले ते त्याला पचवावेच लागते. रोज, महिनोन्‌महिने, कोणाला न विचारता गुळवेल घेणे बंद करावे. ज्यांना यकृताचा जुना आजार, थायरॉइड किंवा आमवात आहे त्यांनी ती घेऊच नये. आणि कावीळ झालेल्याला तर तपासणीपूर्वी मुळीच देऊ नये. गुळवेल गोळा करणाऱ्या कातकरी बांधवांचा यात काही दोष नाही. पुडीवर धोक्याची सूचना छापण्याची जबाबदारी ती विकून नफा मिळवणाऱ्या कंपन्यांची आहे.

गोळ्यांनाही हाच नियम

हे वाचून कोणी म्हणेल, पाला वाईट आणि इंग्रजी गोळ्या चांगल्या असे तुमचे म्हणणे दिसते. तसे मुळीच नाही. बंगळूरचे डॉ. हर्षद देवरभावी आणि देशातील इतर डॉक्टरांनी औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १२८८ रुग्णांची नोंद केली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यातील सुमारे ४६ टक्के रुग्णांत कारण होते क्षयाची औषधे. झाडपाला व इतर पर्यायी औषधे सुमारे १४ टक्क्यांत.

आपल्या वस्त्यांत क्षयाचे रुग्ण आहेत, म्हणून हे नीट समजून घ्या. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही क्षयाची तीन औषधे काही जणांच्या यकृताला त्रास देतात. म्हणून क्षयाचे औषध सोडायचे नाही! क्षय माणसाला मारू शकतो, औषध वाचवते. पण औषध चालू असताना भूक मेली, सारखी मळमळ होऊ लागली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. कोणते औषध थांबवायचे, कोणते बदलायचे हे तेथले डॉक्टर ठरवतील. क्षयाच्या औषधाबरोबर दारू आणि वरून 'ताकदीचा काढा' हा तर यकृतावर तिहेरी मार आहे.

तापाची पॅरासिटामॉल घ्या. नेमाने घेतली तर ती चांगली. धडधाकट मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपलीकडे एका दिवसात कधीही जाऊ नये. दारू पिणाऱ्याने, उपाशी असलेल्याने, यकृत आजारी असलेल्याने त्याहून कितीतरी कमी, डॉक्टरना विचारून. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या की मात्रा नकळत दुप्पट होते.

ज्या काविळीला औषध आहे

'काविळीला डॉक्टरचे औषध नाही' हे वाक्य एकेकाळी बऱ्याच अंशी खरे होते. आता नाही. हिपॅटायटिस 'सी' हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो शोधण्याचे काम करणाऱ्या हार्वे आल्टर, मायकेल हौटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल मिळाले. एकेकाळी त्यावर वर्षवर्षभर महागडी इंजेक्शने घ्यावी लागत आणि तरी खात्री नसे. आता बहुतेक रुग्णांना रोज गोळ्या, बारा आठवडे, एवढा उपचार पुरतो आणि शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. 'बी' मुळापासून जात नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांनी रोजची गोळी चुकवली नाही तर तो दबून राहतो आणि यकृत वाचते. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात 'बी' आणि 'सी'ची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात.

'बी'ची लस आहे. २०११ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात बाळांना मोफत मिळते. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो, कारण आईच्या रक्तातील विषाणू बाळंतपणाच्या वेळी बाळात जाऊ शकतो. म्हणून बाळंतपण दवाखान्यात करा आणि 'काविळीची लस दिली का?' हे तोंडाने विचारा.

'बी' आणि 'सी' पसरतात रक्तातून. एकच सुई अनेकांना टोचणारा भोंदू डॉक्टर, न बदललेले वस्तऱ्याचे पान, जत्रेतले गोंदण, न तपासलेले रक्त, आणि 'बी' असलेल्याशी असुरक्षित शरीरसंबंध. २००९ साली गुजरातमधील मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे 'बी'ची भयंकर साथ पसरली होती. एका ताटात जेवल्याने, पाणी दिल्याने, शेजारी बसल्याने 'बी' किंवा 'सी' होत नाही. म्हणून घरातल्या 'बी'वाल्या सुनेचे ताट-वाटी वेगळी काढू नका. ताट वेगळे काढले जाण्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको.

घरात काय करावे?

१. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, की आधी रक्त तपासा. डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जास्त तपासणी लागली तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. बिलिरुबिन किती, एसजीपीटी किती, 'बी' आणि 'सी' आहे का, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो, या चार गोष्टी विचारा. यकृत थकले आहे की कोसळते आहे, हे चौथ्या तपासणीवरून विशेष कळते.

२. डॉक्टरना सगळे सांगा. पाला खाल्ला, काढा प्यालो, नाकात थेंब टाकले, दारू घेतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत, काही लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहणे महागात पडते. पुडी किंवा वेलीचा तुकडा बरोबर न्या.

३. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका. हिपॅटायटिस 'ई' इतरांना सोडून देतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतील गरोदर बाईला झाला तर शंभरातील वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. तेथे माळ नाही, पाला नाही. १०२ किंवा १०८ ला फोन आणि थेट मोठे रुग्णालय.

४. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा पोट फुगले, तर यकृत हार मानते आहे असे समजा. रात्र असली तरी निघा.

५. रुग्णाला उपाशी ठेवू नका. हळद बंद, तेल बंद, मीठ बंद असे करून आजाऱ्याला नुसत्या पेजेवर ठेवतात. त्याने अशक्तपणा वाढतो. भाकरी, वरण-भात, भाजी, अंडे, जे रुचेल ते थोडे थोडे द्या. उसाचा रस औषध नव्हे; रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस तर कावीळ आणणाराच. दारू मात्र पूर्ण बंद, कावीळ उतरल्यावरही डॉक्टरना विचारल्याशिवाय नको.

६. पाणी उकळा. चांगली उकळी फुटली की विषाणू मरतो. सरपण परवडत नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोर मागून घ्या आणि त्या सांगतील त्या प्रमाणात टाका. विहिरीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारणे हा आपला हक्क आहे. वर्षावासात विहारात जेवणावळ असेल, तर पिण्याच्या पाण्याची जबाबदारी एकाने घ्यावी. हात साबणाने धुतल्याशिवाय वाढायला बसू नये.

बंधू-भगिनींनो, रानातला पाला आपल्या आज्यांनी आपल्या हाती दिला, तो प्रेमाने दिला. दवाखाना मैलोगणती दूर होता, डॉक्टर दारात उभा करीत नव्हता, खिशात दमडी नव्हती. तेव्हा पाल्याशिवाय त्यांच्याजवळ होते काय? त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण त्यांना जी तपासणी मिळाली नाही, ती आज आपल्याला मिळते. सरकारी दवाखान्यात बिल्ला लावून बसलेला माणूस आपल्याच कराच्या पैशाने बसला आहे. तेव्हा यंदा पावसाळ्यात घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर पाला शोधायला बांधावर जाण्याआधी एसटीची वेळ पाहा. रक्ताच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते डॉक्टरकडून समजून घ्या, न समजले तर पुन्हा विचारा. आणि हा लेख वाचून झाल्यावर ज्या घरात गरोदर सून आहे त्या घरी वाचून दाखवा.